भूमिकाखेळाचे नियम आपल्या गटाला साजेसे कसे करावेत?

'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ १९७४ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाला आणि टेबलाभोवती बसून खेळल्या जाणाऱ्या भूमिकाखेळांची, म्हणजेच रोल-प्लेइंग गेम्सची परंपरा सुरू झाली. या खेळाची नियमपुस्तके आज शेकडो पानांची आहेत. तरीही त्या नियमांत आपापल्या सोयीनुसार फेरफार करणारे गट सर्वत्र आढळतात. असे फेरफार कधी खेळाची रंगत वाढवतात, तर कधी वर्षानुवर्षे एकत्र खेळणाऱ्या मित्रांमध्ये कटुता निर्माण करतात. नियम केव्हा बदलावा, तो कसा बदलावा आणि बदलताना कोणती काळजी घ्यावी, याचा हा परामर्श.

खेळाचे स्वरूप

भूमिकाखेळात पट आणि सोंगट्या असल्याच पाहिजेत असे नाही. चार-पाच जण एकत्र बसतात. त्यांपैकी एक जण सूत्रधार होतो. डंजन्स अँड ड्रॅगन्समध्ये त्याला 'डंजन मास्टर' म्हणतात. उरलेले खेळाडू प्रत्येकी एका काल्पनिक पात्राची भूमिका घेतात. कोणी योद्धा होतो, कोणी मांत्रिक, तर कोणी चोर. सूत्रधार प्रसंगाचे वर्णन करतो, आपले पात्र काय करील हे खेळाडू सांगतात आणि ज्या कृतीचे यश अनिश्चित असेल तिचा निकाल फाशांवर लागतो. यासाठी मुख्यतः वीस बाजूंचा फासा वापरला जातो. फाशावर पडलेल्या अंकात पात्राच्या कौशल्याचे गुण मिळवले जातात. ही बेरीज ठरलेल्या आकड्याइतकी किंवा त्याहून अधिक झाली, की कृती यशस्वी ठरते.

पात्राची तग धरण्याची शक्ती 'हिट पॉइंट' या गुणांनी मोजली जाते. आघात झाला की हे गुण कमी होतात आणि ते शून्यावर आले की पात्र कोसळते. एकच कथा अनेक बैठकांतून पुढे चालते. तिला मोहीम म्हणतात आणि ती काही महिने, प्रसंगी अनेक वर्षेही सुरू राहते. साहजिकच खेळाडूची आपल्या पात्राविषयी आत्मीयता वाढत जाते.

या खेळात कोणी एक जण जिंकत नाही आणि इतर हरत नाहीत. त्यामुळे बुद्धिबळाचे नियम आणि भूमिकाखेळाचे नियम यांत मूलभूत फरक आहे. बुद्धिबळातील नियम दोन प्रतिस्पर्ध्यांमध्ये न्याय राखतो. भूमिकाखेळातील नियम एकत्र बसलेल्या मंडळींना एका काल्पनिक जगाविषयी एकमत राखण्यास साहाय्य करतो. दार फुटले की नाही, बाण लागला की चुकला, याविषयी वाद न होता कथा पुढे सरकावी, हे त्याचे मुख्य कार्य होय.

परिस्थितीनुसार नियम बदलणे भारतीयांना नवीन नाही. गल्लीतील क्रिकेटमध्ये एक टप्पा पडलेला चेंडू एका हाताने झेलला तर फलंदाज बाद, किंवा चेंडू थेट शेजारच्या घरात गेला तर बाद, असे नियम ठरवले जातात. अपुरी जागा, मोजके खेळाडू आणि फुटू शकणाऱ्या काचा, यांतून ते नियम जन्माला आलेले असतात. मात्र ते खेळ सुरू होण्यापूर्वी सर्वांना ठाऊक असतात. चेंडू हवेत असताना कोणी नवा नियम सांगू लागला, तर भांडण ठरलेलेच. भूमिकाखेळातील घरगुती नियमांचे मर्मही हेच आहे.

फेरफारातूनच जन्म

नियम बदलणे हा या खेळाचा अपमान आहे, असे समजण्याचे कारण नाही. कारण हा खेळच फेरफारांच्या दीर्घ साखळीतून घडला आहे. त्या साखळीचा आरंभ भारतापर्यंत पोहोचतो. भारतातील चतुरंगापासून विकसित झालेले बुद्धिबळ युरोपात रुजले. जर्मन विद्वान योहान हेलविग यांनी १७८० मध्ये बुद्धिबळाच्या पायावर एक युद्धखेळ रचला. त्यानंतर प्रशियातील फॉन राइसविट्झ पिता-पुत्रांनी ही कल्पना पुढे नेली. पुत्राने १८२४ मध्ये प्रसिद्ध केलेला 'क्रीगस्पील' हा युद्धखेळ नकाशावर खेळला जाई आणि सेनाधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणासाठी वापरला जाई. त्यात निकाल देण्यासाठी पंच असे. मात्र नियमांची आणि कोष्टकांची गुंतागुंत खेळणाऱ्यांना जाचक वाटू लागली. १८७६ मध्ये युलियुस फॉन व्हेर्डी द्यु व्हेर्नवा या सेनाधिकाऱ्यांनी कोष्टकांऐवजी अनुभवी पंचाच्या निर्णयावर विसंबण्याची शिफारस केली. लिखित नियम श्रेष्ठ की पंचाचा विवेक, हा वाद तेव्हापासून चालत आला आहे.

अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात १९६९ मध्ये डेव्हिड वेसली यांनी 'ब्राउनस्टाइन' नावाच्या युद्धखेळात खेळाडूंना केवळ सेनापती न करता एका गावातील निरनिराळ्या व्यक्तींच्या भूमिका दिल्या. त्यांच्या खेळगटातील डेव्ह अर्नेसन यांनी ती कल्पना विस्तारून 'ब्लॅकमूर' ही मोहीम सुरू केली. लढाईसाठी त्यांनी गॅरी गायगॅक्स आणि जेफ पेरेन यांच्या १९७१ मधील 'चेनमेल' या नियमांचा आधार घेतला. त्या नियमांत सामान्य सैनिक एकाच आघाताने नाहीसा होत असे. सैनिकांच्या तुकडीबाबत हे चालण्यासारखे होते. परंतु खेळाडूने नाव दिलेले, जपलेले पात्र एका फाशासरशी नष्ट व्हावे, हे खेळाडूंना रुचले नाही. अर्नेसन यांनी चिलखती युद्धनौकांच्या एका खेळातून अनेक आघात सोसण्याची पद्धत उचलली आणि ती माणसांना लागू केली. आजचे हिट पॉइंट हे त्या घरगुती दुरुस्तीचे फलित आहे.

अर्नेसन आणि गायगॅक्स यांचा खेळ १९७४ मध्ये तीन लहान पुस्तिकांच्या रूपात प्रसिद्ध झाला. पहिल्या छपाईत केवळ १००० प्रती होत्या. पुस्तिकांतील अनेक बाबी संदिग्ध होत्या आणि उणिवा आपल्या कल्पनेने भरून काढाव्यात, असे आवाहन लेखकांनीच वाचकांना केले होते. वाचकांनी ते मनावर घेतले. ॲरिझोना राज्यातील केन सेंट आंद्रे यांनी १९७५ मध्ये 'टनेल्स अँड ट्रोल्स' हा सुटसुटीत खेळ तयार केला. त्यात नेहमीचे सहा बाजूंचे फासे पुरेसे होते. कॅलिफोर्नियातील स्टीव्ह पेरिन यांनी लढाईचे स्वतःचे नियम लिहून काढले. १९७६ मध्ये ते खेळाडूंमध्ये प्रसृत झाले आणि त्याच वाटेने पुढे १९७८ मध्ये 'रूनक्वेस्ट' हा स्वतंत्र खेळ उदयास आला.

पुढे खुद्द गायगॅक्स यांची भूमिका मात्र कठोर झाली. १९७७ ते १९७९ या काळात आलेल्या 'अ‍ॅडव्हान्स्ड' आवृत्तीत नियमांच्या एकसारखेपणावर भर देण्यात आला. १९८२ मध्ये 'ड्रॅगन' मासिकातील लेखात त्यांनी पोकर आणि बुद्धिबळाचा दाखला देऊन अनधिकृत फेरफारांना विरोध केला. या भूमिकेमागे कारण होते. एका शहरातील खेळाडू दुसऱ्या शहरातील स्पर्धेत उतरला, तर दोन्हीकडे नियम समान असणे आवश्यक ठरते. अर्थात घराच्या बैठकीत तसे बंधन नसते. आपण कोणासोबत आणि कोठे खेळत आहोत, यावर नियम बदलण्याची मुभा अवलंबून असते, हा त्या वादाचा निष्कर्ष होय.

तात्पुरता निर्णय आणि कायमचा नियम

नियमपुस्तक कितीही मोठे असले तरी प्रत्येक प्रसंगाचे उत्तर त्यात सापडत नाही. एखादा खेळाडू म्हणतो की, माझे पात्र छताच्या झुंबराला लोंबकळून शत्रूवर उडी घेईल. पुस्तकात झुंबराचा उल्लेख नसतो. अशा वेळी सूत्रधार जवळच्या एखाद्या नियमाच्या आधारे तत्काळ निर्णय देतो आणि खेळ पुढे सुरू होतो. हा तात्पुरता निर्णय होय. तो त्या प्रसंगापुरता असतो.

तोच प्रसंग वारंवार उद्भवू लागला आणि त्याच निर्णयावर खेळाडू विसंबू लागले, की त्याला नियमाचे स्वरूप येते. अनेक गटांतील तक्रारींचे मूळ या संक्रमणात असते. एका बैठकीत सूत्रधाराने उदारपणे दिलेला निर्णय खेळाडू नियम समजतो. पुढच्या बैठकीत तोच डाव फसला, की आपली फसवणूक झाली असे त्याला वाटते. म्हणून निर्णय देतानाच 'हे आजपुरते आहे, बैठकीनंतर यावर बोलू' एवढे सांगणे हितावह ठरते. बैठकीच्या अखेरीस पाच मिनिटे काढून तो निर्णय कायम ठेवायचा की सोडून द्यायचा, हे ठरवता येते.

औषधाच्या कुपीचे उदाहरण

घरगुती नियम कसा यशस्वी होतो, हे पाहण्यासाठी डंजन्स अँड ड्रॅगन्समधील औषधाच्या कुपीचे उदाहरण बोलके आहे. २०१४ मधील पाचव्या आवृत्तीनुसार लढाईत आपली पाळी आली की पात्राला एक मुख्य कृती करता येते. काही क्षमता असल्यास त्याखेरीज एक छोटी, जादा कृतीही करता येते. जखम भरून काढणारे औषध पिण्यासाठी मुख्य कृती खर्च करावी लागत असे. साध्या औषधाने चार बाजूंच्या दोन फाशांची बेरीज अधिक २, म्हणजे सरासरी ७ हिट पॉइंट परत मिळतात. एवढ्यासाठी संपूर्ण पाळी घालवणे खेळाडूंना परवडेना. जवळची औषधे वापरलीच जात नसत.

अनेक गटांनी यावर एकच तोडगा काढला. औषध पिणे ही जादा कृती मानण्यात आली. खेळाडूला औषधही घेता येऊ लागले आणि हल्लाही करता येऊ लागला. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सुधारित आवृत्तीत हाच नियम अधिकृतपणे समाविष्ट झाला.

हा बदल यशस्वी का ठरला, हे लक्षात घेण्याजोगे आहे. अडचण नेमकी होती, बदल लहान होता आणि तो सर्वांना समान लागू होता. तरीही तो पूर्णतः निरुपद्रवी नव्हता. चोराच्या वर्गातील पात्र पळण्यासाठी किंवा लपण्यासाठी हीच जादा कृती वापरते. त्यामुळे त्याला औषध आणि पळ यांपैकी एकाची निवड करावी लागते, तर इतरांना तसा पेच पडत नाही. लहानात लहान बदलाचाही लाभ सर्वांना सारखा मिळत नाही, हे यावरून दिसून येते.

वरदान वाटणारा नियम

काही बदल प्रथमदर्शनी खेळाडूंच्या हिताचे वाटतात, परंतु प्रत्यक्षात त्यांच्याच जिवावर उठतात. वीस बाजूंच्या फाशावर २० पडल्यास जबर आघात व्हावा, ही कल्पना १९७० च्या दशकात अनेक गटांत लोकप्रिय झाली होती. गायगॅक्स यांनी १९७९ च्या सूत्रधारांसाठीच्या पुस्तकात तिला विरोध केला. असा नियम दोन्ही बाजूंना लागू करावा लागेल आणि मग खेळाडूंच्या पात्रांचे आयुष्य घटेल, असे त्यांचे म्हणणे होते. कालांतराने २००० मधील तिसऱ्या आवृत्तीत जबर आघाताचा नियम मूळ नियमांतच दाखल झाला. तथापि गायगॅक्स यांच्या युक्तिवादातील गणित आजही खरे आहे.

फाशावर २० पडण्याची शक्यता वीसात एक, म्हणजे ५ टक्के असते. एखादा राक्षस बहुधा एकाच लढाईपुरता कथेत येतो. खेळाडूचे पात्र मात्र प्रत्येक लढाईत असते. मोहिमेच्या काळात एखाद्या पात्रावर १०० हल्ले झाले, तर त्यांतील सरासरी ५ हल्ले जबर आघाताचे असतील. राक्षसाला असा आघात झाला तर एक राक्षस कमी होतो. पात्राला झाला तर वर्षभराची कथा संपू शकते.

२०१४ च्या नियमांनुसार जबर आघात झाल्यास हानीचे फासे दुप्पट टाकले जातात. काही गटांना हे पुरेसे नाट्यमय वाटत नाही. सारे फासे लहान अंकांवर पडले, तर जबर आघातही फुसका ठरतो. म्हणून ते पहिल्या फाशांचे कमाल गुण धरतात आणि जादा फासे नेहमीप्रमाणे टाकतात. समजा, दुसऱ्या पातळीवरील मांत्रिकाचे एकूण १४ हिट पॉइंट आहेत आणि ते सर्व शाबूत आहेत. ओगर नावाचा राक्षस त्याच्यावर सोट्याने हल्ला करतो. या सोट्याची हानी आठ बाजूंच्या दोन फाशांची बेरीज अधिक ४, म्हणजे सरासरी १३ असते. पुस्तकातील नियमानुसार जबर आघाताची सरासरी हानी २२ होते. मांत्रिक कोसळतो, ८ गुणांची हानी शिल्लक राहते. शिल्लक हानी पात्राच्या कमाल हिट पॉइंटइतकी किंवा अधिक असेल, तरच पात्र जागीच मरते. येथे ८ हा आकडा १४ पेक्षा कमी आहे. त्यामुळे मांत्रिक बेशुद्ध राहतो आणि सहकाऱ्यांना त्याला वाचवण्याची संधी मिळते.

आता घरगुती नियम लावून पाहू. दोन फाशांचे कमाल १६, जादा दोन फाशांची सरासरी ९ आणि वरचे ४ मिळून सरासरी हानी २९ होते. शिल्लक हानी १५ राहते. हा आकडा १४ पेक्षा अधिक आहे, म्हणून मांत्रिक तत्क्षणी मृत होतो. सहकाऱ्यांना काहीच करता येत नाही. जो नियम आपले घाव अधिक दणदणीत व्हावेत म्हणून खेळाडूंनीच आनंदाने स्वीकारला होता, तो त्यांच्याच पात्राला वाचवण्याची संधी हिरावून घेतो. केवळ ७ गुणांच्या फरकाने हे घडते. हे ठाऊक असूनही गटाला तसा धोका हवा असेल, तर त्यात गैर काहीच नाही. परंतु तो धोका आकडे पाहून स्वीकारलेला असावा.

एका नियमावर दुसरा टेकलेला असतो

नियम वाढवण्यापेक्षा काढून टाकणे सोपे वाटते. ओझ्याचा नियम हे त्याचे परिचित उदाहरण आहे. २०१४ च्या नियमांत पात्राच्या ताकदीच्या गुणाला १५ ने गुणले असता ते किती पौंड वजन वाहू शकते हे कळते. १० गुणांच्या पात्राला १५० पौंड, म्हणजे सुमारे ६८ किलो ओझे पेलता येते. दोर, शिधा, मशाली आणि नाणी यांच्या वजनाचा हिशेब ठेवणे कंटाळवाणे असल्याने अनेक गट या नियमाकडे दुर्लक्ष करतात.

शहरातील कारस्थानांभोवती फिरणाऱ्या कथेत त्यामुळे काहीच बिघडत नाही. परंतु वाळवंट ओलांडण्याची किंवा खोल भुयारातून खजिना बाहेर काढण्याची कथा असेल, तर 'काय न्यायचे आणि काय मागे ठेवायचे' हाच तिचा पेच असतो. ओझ्याचा नियम काढला की तो पेचही जातो. शिवाय ज्या खेळाडूने आपल्या पात्राला ताकद देण्यासाठी इतर गुणांवर पाणी सोडले, त्याच्या निवडीचे मोल कमी होते. हिशेब नको असेल, तर प्रत्येक पात्राने मोजक्याच मोठ्या वस्तू बाळगाव्यात, असा सोपा पर्याय ठेवता येतो. नियमाचा जाच जातो, पण त्याचे प्रयोजन टिकते.

शत्रूला दोन बाजूंनी घेरण्याचा नियमही असाच विचार करावयास लावतो. २०१४ च्या सूत्रधारांसाठीच्या पुस्तकात तो ऐच्छिक म्हणून दिला आहे. दोन सहकारी शत्रूच्या समोरासमोरील बाजूंना उभे राहिले, तर हल्ला करताना त्यांना वीस बाजूंचे दोन फासे टाकून त्यांतील मोठा अंक घेता येतो. एका फाशाची सरासरी १०.५ असते. दोहोंतील मोठ्या अंकाची सरासरी सुमारे १३.८ होते. २० पडण्याची शक्यताही ५ टक्क्यांवरून ९.७५ टक्क्यांवर जाते. हा लाभ मोठा आहे आणि तो केवळ उभे राहण्याच्या जागेवरून मिळतो. परिणामी तोच लाभ किंमत मोजून मिळवणाऱ्या क्षमता निरर्थक ठरतात. बार्बेरियन वर्गातील योद्धा शत्रूला आपल्यावर तसाच लाभ देऊन बेभान हल्ला करू शकतो. तोच लाभ फुकट मिळू लागला, तर त्या योद्ध्याच्या शौर्याला अर्थ उरत नाही. दोन फाशांऐवजी घेरणाऱ्यांना केवळ २ गुण अधिक द्यावेत, असा मध्यम मार्ग काही गट स्वीकारतात.

बदल करण्याची रीत

वरील उदाहरणांवरून बदलाची एक साधी रीत निश्चित करता येते. सर्वप्रथम उपाय न सुचवता अडचण सांगावी. 'लढाईचा नियम बदलू या' असे म्हणण्यापेक्षा 'लढाईत आपली पाळी येईपर्यंत फार वेळ थांबावे लागते' असे म्हणणे उपयुक्त ठरते. कित्येकदा अशी अडचण नियमाची नसतेच. पाळी येण्यापूर्वी विचार करून ठेवणे, किंवा हल्ल्याचे आणि हानीचे फासे एकाच वेळी टाकणे, एवढ्याने ती दूर होते.

दुसरी पायरी म्हणजे तो नियम कशासाठी आहे आणि त्यावर आणखी कोणते नियम टेकलेले आहेत, हे पाहणे. त्यासाठी मूळ नियम काही बैठका आहे तसा खेळून पाहणे आवश्यक असते. न वापरलेल्या नियमाविषयीचे मत बहुधा ऐकीव असते. तिसरी पायरी आकडेमोडीची. कोणत्या पात्राचा लाभ होईल आणि कोणाचे नुकसान होईल, हे कागदावर मांडावे. शत्रूनेही तोच नियम वापरला तर काय होईल, हा प्रश्न प्रत्येक वेळी विचारावा.

त्यानंतर बदल सर्वांसमोर मांडून संमती घ्यावी. नव्या मोहिमेच्या आरंभी केवळ चर्चेसाठी बैठक घेण्याची प्रथा अनेक गटांत आहे. तिला 'शून्यावी बैठक' म्हटले जाते. कथेचे स्वरूप, पात्रांच्या मृत्यूची शक्यता आणि घरगुती नियम या बाबी तेथे ठरतात. ठरलेले नियम एका कागदावर लिहून ठेवावेत. तो कागद एका पानापेक्षा मोठा होऊ लागला, तर आपल्याला दुसराच खेळ हवा आहे काय, याचा विचार करावा. केवळ कथेत रमणाऱ्या गटाने लढाईचे नियम कापत बसण्यापेक्षा मुळातच कमी नियमांचा खेळ निवडणे श्रेयस्कर असते.

शेवटची पायरी चाचणीची. नवा नियम तीन बैठकांपुरता लागू करावा आणि नंतर सर्वांना विचारून तो कायम करावा किंवा रद्द करावा. मुदत ठरलेली असली की नियम मागे घेताना कोणाचा मानभंग होत नाही. बदलामुळे एखाद्याच्या पात्राची क्षमता निरुपयोगी होत असेल, तर त्या खेळाडूला पात्रात फेरबदल करण्याची संधी द्यावी. आणि लढाई सुरू असताना एखाद्या पात्राचे नुकसान करणारा बदल कदापि करू नये.

आकड्यांपलीकडील नियम

गटाला साजेसे करण्यासारखे सर्वच नियम फाशांचे नसतात. कथेत कोणते विषय यावेत, हाही तितकाच महत्त्वाचा प्रश्न आहे. नुकतेच जवळचे माणूस गमावलेल्या खेळाडूला मृत्युशय्येचा प्रसंग सोसवेलच असे नाही. लहान मुले खेळात असतील, तर क्रौर्याच्या वर्णनाला मर्यादा हवी. यासाठी काही साधने प्रचलित आहेत. रॉन एडवर्ड्स यांनी मांडलेल्या पद्धतीत काही विषय पूर्णतः वर्ज्य ठरवले जातात, तर काही विषय कथेत आले तरी त्यांचे वर्णन टाळून पडदा टाकला जातो. जॉन स्टाव्ह्रोपोलोस यांच्या 'एक्स-कार्ड' पद्धतीत टेबलाच्या मध्यभागी फुलीचे चिन्ह असलेले कार्ड ठेवतात. कोणीही त्याला स्पर्श केला, की चालू प्रसंग बदलला जातो आणि कारण विचारले जात नाही. पुस्तकातील मूळ खेळात नसलेला हा नियम एखाद्याला गटात टिकवून ठेवू शकतो.

आपले नियम इतरांसाठी प्रसिद्ध करू इच्छिणाऱ्यांचा मार्गही आज पुष्कळसा मोकळा आहे. डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या प्रकाशकांनी २००० मध्ये मुक्त परवाना जाहीर केला होता. २०२३ च्या आरंभी त्यात कडक अटी घालण्याचा प्रस्ताव उघड झाल्यावर खेळाडूंनी आणि लहान प्रकाशकांनी तीव्र विरोध केला. अखेर त्याच वर्षी २७ जानेवारीला पाचव्या आवृत्तीचे पायाभूत नियम 'क्रिएटिव्ह कॉमन्स' परवान्याखाली खुले करण्यात आले. मूळ स्रोताचा योग्य श्रेयनिर्देश करून त्या नियमांवर आधारित लेखन आता कोणालाही प्रसिद्ध करता येते.

नियम म्हणजे शब्द

भूमिकाखेळातील जग कोठेही अस्तित्वात नसते. ते टेबलाभोवती बसलेल्यांच्या परस्पर विश्वासावर उभे असते. नियम म्हणजे त्यांनी एकमेकांना दिलेला शब्द होय. 'असे घडले तर असा निकाल लागेल' हे सर्वांना ठाऊक असते, म्हणूनच खेळाडू धोका पत्करतो आणि म्हणूनच त्याच्या विजयाला मोल असते. हा शब्द बदलण्याचा अधिकार गटाला निश्चितच आहे. अर्नेसन यांच्या खेळाडूंनी तो वापरला नसता, तर हा खेळ आजच्या रूपात कदाचित घडलाच नसता. मात्र तो शब्द सर्वांनी मिळून, फासा हातातून सुटण्यापूर्वी बदलावा लागतो. या पथ्याचे पालन झाले, तर एखादा नियम चुकला तरी तो पुढच्या बैठकीत सुधारता येतो आणि पुढच्या बैठकीला सारे जण पुन्हा एकत्र येतात.